सिस्टरांचा प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार.

मेंदू आणि जाणीव या विषयावर जाहीर व्याख्यान ठेवले, की सभागृह भरते. 1875 साली न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून संध्याकाळी खुर्चीवर बसून दुसऱ्याचे ऐकून घेण्याची हौस मराठी माणसाने टिकवून धरली आहे. आणि विषय 'मी म्हणजे नेमका कोण' याच्या जवळपासचा असेल, तर वैद्यकीय महाविद्यालयाची मुले, विपश्यनेचे शिबिर करून आलेले गृहस्थ आणि ज्ञानेश्वरीच्या पारायणाला नेमाने बसणाऱ्या बायका एकाच रांगेत येऊन बसतात. सांगलीत अशाच एका व्याख्यानाला मी गेलो होतो. आज मला बोलायचे आहे ते त्या व्याख्यानाच्या शेवटी विचारल्या गेलेल्या एका प्रश्नाविषयी. पण तो प्रश्न कळण्यासाठी आधीचे थोडेसे सांगणे भाग आहे.

थोडेसेच सांगतो, कारण त्या संध्याकाळी विषयाच्या वाट्यालाही वेळ थोडाच आला होता. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, शाल, श्रीफळ, आणि मग ज्यांच्या हस्ते सत्कार झाला त्यांचाही सत्कार, एवढ्यात पाऊण तास सरला. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे यांनी सुरू केलेली शुक्रवारच्या संध्याकाळची व्याख्याने आजही होतात, आणि तिथली जुनी प्रथा अशी, की घड्याळाचा ठोका पडताच वक्ता आत येतो आणि कोणी परिचय करून देण्याची वाट न पाहता थेट विषयाला हात घालतो. शाल देऊच नये, असे माझे म्हणणे नाही. ती व्याख्यान संपल्यावर द्यावी, आणि हे मी भेटेल त्या संयोजकाला सांगत असतो.

वक्ते मेंदूविकारतज्ज्ञ होते. त्यांनी सांगितले, की माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांतल्या जवळजवळ 6,900 कोटी एकट्या लहान मेंदूत, म्हणजे डोक्याच्या मागच्या बाजूस तळाशी असलेल्या भागात, दाटीने वसलेल्या असतात. तरीही लहान मेंदूला मोठी इजा झाली तर माणसाचा तोल जातो, बोलणे अडखळते, हात कापतो, पण त्याची जाणीव शाबूत राहते. तेव्हा पेशींच्या नुसत्या संख्येवरून जाणिवेचा उलगडा होत नाही. मग तो कशावरून व्हावा? मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉख आणि तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी 1998 साली जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात यावरच पैज लावली होती. जाणिवेशी निगडित असलेली मेंदूतली यंत्रणा पंचवीस वर्षांत स्पष्टपणे हाती लागेल, असे कॉख म्हणत होते, आणि लागणार नाही, असे चाल्मर्स. 2023 च्या जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये भरसभेत कॉख यांनी हार मान्य केली, ठरल्याप्रमाणे चाल्मर्स यांना उत्तम वाइन दिली, आणि पुढच्या पंचवीस वर्षांसाठी तीच पैज पुन्हा लावली. जाणिवेविषयीच्या दोन नावाजलेल्या सिद्धान्तांची एकमेकांसमोर घेतलेली परीक्षाही त्याच सभेत मांडली गेली, आणि दोहोंपैकी एकालाही निर्विवाद यश मिळाले नाही.

म्हणजे मेंदूतून जाणीव कशी उपजते, हा प्रश्न आहे तिथेच आहे. परंतु समोर निपचित पडलेल्या माणसात जाणीव आहे की नाही, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यात गेल्या वीस वर्षांत बरीच वाटचाल झाली आहे. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, एवढे श्रोत्यांनी कृपया ध्यानात ठेवावे.

या दुसऱ्या प्रश्नाच्या संदर्भात वक्त्यांनी इंग्लंडमधल्या एका तरुणीची हकिगत सांगितली. वय 23. 2005 साली रस्त्यावरच्या अपघातात डोक्याला जबर मार बसला. काही महिन्यांनीही स्थिती अशी, की डोळे उघडायचे, झोप आणि जाग यांचे चक्र चालू असायचे, पण हाकेला ओ नाही, सांगितलेले काही करणे नाही. डॉक्टरांच्या सर्व कसोट्यांनुसार तिला जाणीव नव्हती. मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला मेंदूतला रक्तप्रवाह टिपणाऱ्या एमआरआय यंत्रात ठेवून सांगितले, की आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर. थोड्या वेळाने सांगितले, की आता आपल्या घरातल्या खोल्यांतून फिरत आहोत अशी कल्पना कर. टेनिसच्या वेळी हालचालींची आखणी करणारा भाग आणि घराच्या वेळी जागांची ओळख ठेवणारे भाग तिच्या मेंदूत कार्यरत झाले, अगदी धडधाकट माणसांत होतात तसेच. 2006 साली हे प्रसिद्ध झाले. त्यानंतर 2010 साली बेल्जियम आणि इंग्लंडमधल्या 54 रुग्णांवर हाच प्रयोग झाला, त्यांपैकी 5 जणांना तो साधला, आणि त्यांतल्या एकाने 'हो' म्हणायचे तर टेनिस आणि 'नाही' म्हणायचे तर घर, अशा खुणेने वडिलांच्या नावासारख्या सहा साध्या प्रश्नांपैकी पाचांची उत्तरे बरोबर दिली. सहाव्या प्रश्नाला काहीच उत्तर आले नाही.

इथे व्याख्यान संपले आणि प्रश्नोत्तरे सुरू झाली. पहिल्या दोन गृहस्थांनी प्रश्न म्हणून स्वतःची छोटी व्याख्याने दिली, त्यांविषयी मी काही बोलत नाही. मग मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. फिकट निळी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. ध्वनिवर्धक घेऊन धावत आलेल्या मुलाला त्यांनी हातानेच थांबवले, कारण वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला ऐकू जाईल असा आवाज त्यांनी नोकरीत कमावलेला होता. मिरजेतल्या एका रुग्णालयात त्या अतिदक्षता विभागात सिस्टर होत्या आणि आता निवृत्त झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, मी पेशंटचं अंग पुसताना त्याच्याशी बोलायचे. बेशुद्ध असला तरी बोलायचे. काका, आता डाव्या कुशीवर घेते हं. पाणी जरा गार आहे, दचकू नका. बाहेर पाऊस लागलाय, तुमचा मुलगा आलाय, भिजलाय पार. नवीन आलेले डॉक्टर हसायचे. एक जण म्हणाले, सिस्टर, भिंतीशी काय बोलताय? तर मला एवढंच विचारायचंय, की मी भिंतीशी बोलत होते का?"

भिंतीच्या उल्लेखावर सभागृहात हशा पिकला. वक्ते हसले नाहीत. त्यांनी उलट विचारले, की तुम्ही त्या रुग्णांची नोंद कशी करत होता? सिस्टरांनी घडाघडा सांगितले. डोळे उघडतो का त्याचे गुण, बोलतो का त्याचे गुण, हातपाय हलवतो का त्याचे गुण. तिन्हींची बेरीज तक्त्यावर लिहायची. सगळ्यांत जास्त पंधरा, सगळ्यांत कमी तीन. "काहीच करत नसला तरी तीन लिहायचे, सर. शून्य नसतो त्यात. मी तीन लिहायचे आणि तीन लिहून झाल्यावरही बोलायचे."

वक्ते म्हणाले, की 1974 साली ग्लासगो इथे तयार झालेली ही पद्धत अत्यंत उपयोगाची आहे, जगभरच्या अतिदक्षता विभागांचे काम तिच्यावर चालते, पण ती मोजते तो बाहेर दिसणारा प्रतिसाद. प्रतिसाद देण्यासाठी ऐकू यावे लागते, ऐकलेले समजावे लागते, आणि मग जीभ किंवा हात हलवता यावा लागतो. या साखळीतली शेवटची कडी तुटली, तरी तक्त्यावर तीनच लिहिले जाणार. प्रतिसाद नाही, एवढेच त्या तीनवरून ठरते. जाणीव नाही, हे त्यावरून ठरत नाही. श्रोतेहो, हे वाक्य मी पुन्हा उच्चारतो, कारण घरातले कोणी अतिदक्षता विभागात असताना नेमके हेच विसरले जाते. प्रतिसाद नाही याचा अर्थ जाणीव नाही, असा होत नाही.

मग त्यांनी आकडे दिले. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे 241 रुग्ण होते, ज्यांनी खाटेपाशी दिलेल्या कोणत्याही सूचनेला दिसेल असा प्रतिसाद दिलेला नव्हता. त्यांना एमआरआय किंवा डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विद्युत लहरी टिपणाऱ्या ईईजीच्या मदतीने तपासले, तेव्हा 60 जणांचे मेंदू सूचना पाळत असल्याचे आढळले. चारांत एक. याच अभ्यासातली दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटली. खाटेपाशी सूचना पाळताना डोळ्यांनी दिसत होते, असे 112 रुग्ण होते, आणि त्यांच्यापैकी फक्त 43 जणांच्या बाबतीत यंत्राला ते टिपता आले. म्हणजे जागी असलेली, समजणारी, उघडपणे हात हलवणारी माणसेही यंत्राच्या तपासणीत निम्म्याहून जास्त निसटली. यंत्राने हो म्हटले तर त्यावर विश्वास ठेवता येतो. यंत्र गप्प राहिले तर त्यावरून काहीही ठरत नाही. वक्ते सिस्टरांना म्हणाले, "तुमच्या रुग्णांपैकी कोण ऐकत होते, ते मला सांगता येणार नाही. पण कोणीच ऐकत नव्हते, असे म्हणण्याचा अधिकार मलाही नाही आणि त्या डॉक्टरांनाही नव्हता."

सिस्टर तेवढ्याने खाली बसल्या नाहीत. त्यांनी एका रुग्णाचे सांगितले. मोटारसायकलवरून पडलेला माणूस होता, डोळे उघडे असायचे, पण डॉक्टर बोट फिरवत तेव्हा नजर हलायची नाही, बॅटरी फिरवली तरी हलायची नाही. एके सकाळी त्याची दाढी करून झाल्यावर सिस्टरांनी पिशवीतला गोल आरसा काढून, "बघा आता कसे दिसताय," असे म्हणत त्याच्या तोंडासमोर धरला, आणि कोणी हाक मारली म्हणून वळताना आरसा हातातच राहिला, तर त्याची नजर आरशामागोमाग सरकली. त्यांनी आरसा दुसरीकडे नेला, नजर तिकडे गेली. राउंडच्या वेळी त्यांनी हे सांगितले, तेव्हा तो योगायोग ठरला. हे ऐकून वक्ते व्यासपीठाच्या कडेपर्यंत पुढे आले. त्यांनी सांगितले, की अशा रुग्णांना तपासण्याच्या आजच्या प्रमाणित पद्धतीत आरसा अधिकृतपणे सांगितलेला आहे, कारण बोट, पेन किंवा दुसऱ्याचा चेहरा यांच्यामागे न वळणारी नजर कित्येकदा स्वतःच्या चेहऱ्यामागे वळते, असे तपासण्यांत दिसून आले आहे. नजर अशी सरकली, तर रुग्णाचे निदान बदलते. त्या माणसाचे पुढे काय झाले, असे कोणीतरी विचारले. त्याला दुसऱ्या गावी हलवले होते आणि पुढचे सिस्टरांना कळले नव्हते.

मला त्या वेळी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिकांची आठवण झाली. त्या परिचारिकांपैकीच एक, अरुणा शानबाग, 1973 सालच्या हल्ल्यानंतर 2015 सालच्या मे महिन्यात मृत्यू येईपर्यंत खाटेवर होत्या, आणि या बेचाळीस वर्षांत परिचारिकांच्या एकामागून एक आलेल्या पिढ्यांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, शय्याव्रण होऊ दिले नाहीत. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाबतीत दयामरणाची याचिका फेटाळली, तेव्हा जगवू इच्छिणाऱ्या या परिचारिकांच्या म्हणण्याला मोठे वजन दिले. दयामरण असावे की नसावे, हा आजचा विषय नाही. मला एवढेच दिसते, की तक्त्यावरच्या आकड्यापलीकडे पाहण्याची सवय आपल्याकडे यंत्रे येण्याच्या आधीपासून वॉर्डातल्या बायकांना होती, आणि कोणी ती शास्त्रीय निरीक्षण म्हणून लिहून ठेवली नाही.

आता नातेवाइकांविषयी. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून रुग्णालयाचे बिल, शेताची वाटणी आणि 'आता काही खरे नाही' अशी बोलणी आपण मोठ्याने करतो. ती बाहेर करावीत. आत गेल्यावर आपण कोण आहोत, आज वार कोणता, हात धरणार आहोत की पाय, हे साध्या आवाजात सांगावे, आणि ओरडू नये, कारण पडलेला माणूस बहिरा झालेला असतोच असे नाही. रेडिओ लावून ठेवला तरी चालेल, पण दिवसभर नको. हे मी रेडिओवरूनच सांगतो आहे.

आणि डॉक्टरांशी बोलताना काय विचारावे, हेही त्या संध्याकाळी वक्त्यांनी सांगितले होते. रुग्णाची तपासणी गुंगीच्या औषधाचा अंमल उतरल्यावर केली आहे का? एकदाच केली, की वेगवेगळ्या दिवशी आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पुन्हा पुन्हा केली? ऐकू येते का, हे पाहिले आहे का? बेल्जियममध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोजच्या पाहणीवरून ज्यांना जाणीव नाही असे ठरवले होते, त्या 44 रुग्णांची प्रमाणित पद्धतीने काळजीपूर्वक तपासणी केली, तेव्हा 18 जणांत जाणिवेच्या खुणा सापडल्या. त्यासाठी कोट्यवधी रुपयांचे यंत्र लागले नव्हते. वेळ, चिकाटी आणि एक आरसा एवढ्यावर ते होण्यासारखे आहे, तेव्हा पुढच्या भेटीत तुम्ही तो आरसा बरोबर न्यावा आणि नजर कुठे जाते, ते तारीख-वेळ घालून एका वहीत लिहून डॉक्टरांना दाखवावे.

नमस्कार.