कादंबरीतलं सरकार फारच हुशार असतं

कादंबरीतली हुकूमशाही कशी टापटीप असते बघा. ऑर्वेलची '1984' घ्या, 1949 ला आलेली. भिंतीवर एक पडदा, तो कधी पूर्ण बंदच होत नाही, तुम्ही त्याला बघताय आणि तो तुम्हाला, आणि जुन्या पेपरातली नको ती बातमी बदलायला एक आख्खं सरकारी खातं, आपला हिरो रोज तिथेच कामाला जातो. (हा ऑर्वेल जन्मला बिहारात, मोतिहारीला, वडील अफूच्या खात्यात साहेब. असो.)

आता खऱ्याकडे या.

[पडद्यावर: विश्वकोशाचा जाड खंड, कात्री]

बेरिया. स्टालिनच्या गुप्त पोलिसांचा प्रमुख, ज्याच्या नावाने लोकांना घाम फुटायचा. 1953 च्या मार्चमध्ये स्टालिन गेला, जूनमध्ये बेरियालाच उचललं आणि वर्ष संपायच्या आत गोळी घातली. पण लोच्या असा की सोव्हिएत विश्वकोशाचा त्याच्या नावाचा खंड आधीच वर्गणीदारांकडे पोचलेला, आत साहेबांचं कौतुक, फोटोसकट. मग वर्गणीदारांना नवी पानं आली, बेरिंगच्या समुद्राची माहिती वगैरे, आणि सोबत सूचना, की अमुक पानं कात्रीने नाहीतर ब्लेडने कापा आणि त्याजागी ही लावा. म्हणजे सेन्सॉर कोण, तर तुम्हीच, स्वतःच्या घरी बसून, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या पुस्तकावर! मला तर त्या पडद्यापेक्षा हे भयानक वाटतं. तपासायला कोणी येईलच असं नाही, पण 'आलं तर?' एवढ्यावर कात्री चालते.

पूर्व जर्मनीतही तेच. तिथल्या गुप्त पोलिसांकडे, म्हणजे स्टासीकडे, शेवटी शेवटी नव्वद हजारांच्या आसपास पगारी माणसं होती, पण खरं काम चालायचं दीड लाखावर खबऱ्यांवर, त्यात शेजारी, ऑफिसातले, कधीकधी नवराही. नंतर सापडलेल्या फायली एका रांगेत लावल्या तर शंभर किलोमीटरच्या वर जातात, सीएसएमटीहून कर्जत मागे टाकाल.

[पडद्यावर: सीएसएमटीसमोरची टाइम्सची इमारत]

मग आपली आणीबाणी? ती म्हणजे स्टालिनचा रशिया, असं म्हणणं उगाच ताणणं होईल. पण पेपरवर सेन्सॉर बसला होता, हजारो लोक खटला न चालवता आत होते. आणि तरी 28 जून 1975 ला मुंबईच्या टाइम्समध्ये, छोट्या जाहिरातींत, एक निधनवार्ता छापून आली: डी. ई. एम. ओ'क्रसी, टी. रुथ यांचे पती, एल. आय. बर्टीचे वडील, फेथ, होप आणि जस्टिशियाचे भाऊ, 26 जूनला वारले. मोठ्याने वाचा म्हणजे कळेल. कादंबरीतल्या सरकारच्या नजरेतून हे सुटलंच नसतं.

त्याच वर्षी कऱ्हाडला साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे चक्क केंद्रीय मंत्री. आणि बाई त्यांच्यासमोर आणीबाणीविरुद्ध बोलल्या. भाषण पूर्ण झालं, लोक जेवले, घरी गेले. अटक झाली ती नंतर.

खरी सरकारं अशीच, इथे ढिली, तिथे घट्ट, आणि घट्ट कुठे होतील याचा नेम नाही. 28 एप्रिल 1976 ला घट्ट झालं ते सुप्रीम कोर्टात. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्याला सुटकेसाठी कोर्टात दाद मागता येणार नाही, असा निकाल लागला, चार विरुद्ध एक. विरोधात होते ते न्यायमूर्ती खन्ना, पुढे त्यांना डावलून दुसऱ्याला सरन्यायाधीश केलं. त्या चौघांत आपले यशवंतराव चंद्रचूड होते. आणि 2017 मध्ये, खासगीपणाच्या खटल्यात, तो निकाल साफ चुकीचा होता असं ज्यांनी लिहिलं ते न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, त्यांचेच चिरंजीव.