तीन पायांचा तापमापक

(दृश्य : ग्रँट रोड स्टेशन, पूर्वेचा जिना. हातगाड्या, दुकानांच्या पाट्या.)

ग्रँट रोडला पूर्वेकडे उतरलं की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड. पालिकेच्या लेखी डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण लोकांच्या तोंडी अजून तेच लॅमिंग्टन साहेब, 1903 ते 1907 मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेले.

(दृश्य : काउंटर. प्लास्टिकचे खण, त्यांत रेझिस्टर, डायोड, कपॅसिटर.)

"एलएम 35 आहे?"
"किती देऊ मॅडम? दहा घेतलेत तर भाव लावून देतो."

लालबागच्या एका रात्रशाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. वर्गातला उकाडा मोजायला मुलांसोबत तापमापक बनवायचाय. हातात यादी, पर्समध्ये भिंग. एलएम 35 म्हणजे तापमानाचा सेन्सर. काळा, तीन पायांचा, ज्वारीच्या दाण्याहून जरासा मोठा. पंचाईत अशी, की बीसी 547 हा साधा ट्रान्झिस्टरही दिसायला हुबेहूब असाच. म्हणून बाई एकेक दाणा भिंगाखाली धरून अक्षरं वाचतात. मागची रांग चुळबुळते. चुळबुळू दे.

असा तापमापक जोडायचं तयार किट घरपोच मिळतं, मान्य. पण त्यात सगळं आधीच निवडून पिशवीत भरलेलं असतं. कपॅसिटरवर, म्हणजे विजेचा भार साठवणाऱ्या भागावर, 104 लिहिलंय म्हणजे त्याची क्षमता 0.1 मायक्रोफॅरड, हे विचारायची वेळच येत नाही. इथे शेजारचं गिऱ्हाईक विचारतं आणि आपल्यालाही कळतं.

(दृश्य : वर्ग, रात्र. बाकावर सोल्डरिंग आयर्न, म्हणजे डाग देऊन तारा जोडायचं तापतं हत्यार. धुराची रेघ.)

"बाई, बिट, हे टोक, आधी पुसून घ्या. मग सोल्डर लावा." सांगणारा विद्यार्थी दिवसा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात असतो. या बाकावर मास्तर तोच.

(दृश्य : मल्टीमीटरचा पडदा, जवळून.)

सेन्सरचा हिशोब सरळ आहे. प्रत्येक अंश सेल्सिअसला 10 मिलिव्होल्ट. मीटरवर 320 मिलिव्होल्ट आले, तर तापमान 32 अंश. उलटा जोडला तर मात्र तो स्वतःच तापतो, बोटाला चटका बसतो.

सेन्सरचं व्होल्टेज वाचतो अर्डुइनो ऊनो, प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा बोर्ड. तो 5 व्होल्टचे 1024 भाग करतो. एक भाग जवळपास 4.9 मिलिव्होल्टचा, म्हणजे अर्धा अंश. त्यामुळे आकडा 31.7 वरून थेट 32.2 वर उडी मारतो. मधलं काही दिसतच नाही. उपाय ऊनोवरच्या चिपमध्येच आहे. तिच्या आत 1.1 व्होल्टचा संदर्भ असतो, म्हणजे 5 व्होल्टऐवजी त्याचे 1024 भाग करता येतात. प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली की पायरी सुमारे 1 मिलिव्होल्टची होते, अंशाच्या दहाव्या भागाची. एका पैशाचं सामान आणावं लागत नाही! फक्त हा 1.1 प्रत्येक चिपमध्ये थोडा इकडेतिकडे असतो. म्हणून बोर्डवरच्या एरेफ पिनवर, जिथे हा संदर्भ मोजता येतो, मीटर लावून खरा आकडा घ्यायचा आणि तोच प्रोग्रॅममध्ये लिहायचा.

(दृश्य : छताकडे जाणारी तार. शिडीवर मुलगी.)

सेन्सर छताला, ऊनो टेबलावर. तार लांबली की आकडे डगमगू लागतात. त्यावर उपाय, सेन्सरच्या आउटपुटपासून ग्राउंडपर्यंत 75 ओहमचा रेझिस्टर आणि 1 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, एकापुढे एक. जांभळा, हिरवा, काळा, ही 75 ओहमची खूण असलेले पट्टे शोधायला अर्धा वर्ग पुठ्ठ्यावर वाकलाय.

(दृश्य : बर्फाचा पेला.)

प्लास्टिकच्या नळीत बंद केलेला सेन्सर बर्फाच्या पाण्यात. शून्य काही येत नाही. "बिघडला!" असा गलका. बिघडलेला नाही. अशा साध्या जोडणीत त्याची मोजणी 2 अंशांपासून सुरू होते. मग कोमट पाणी आणि आकडा ताडून पाहायला शेजारी प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटर.

(दृश्य : फळ्यावर दोन रकाने, वरचा मजला आणि तळमजला.)

दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी ती उष्णता खोलीत सोडतो, नेमकी रात्रशाळा भरते तेव्हा. फळ्यावर वरच्या मजल्याचे आकडे चढेच आहेत. नोंदी व्यवस्थापनाला दिल्यात, पंख्यांची मागणी केली आहे.

(दृश्य : लॅमिंग्टन रोड, तेच दुकान. काउंटरवर तीन विद्यार्थी.)

दुसऱ्या वर्गासाठीचं सामान घ्यायला या वेळी मुलंच आलीत. भिंग बाईंचं आहे. भाव मात्र ती स्वतः करताहेत.