काळ्या कातळातला पांढरा फेल्स्पार

श्रोतेहो, पृथ्वीच्या कवचाचा निम्म्याहून अधिक भाग फेल्स्पार या खनिजगटाने व्यापला आहे, असे सांगितले की पुष्कळांना नवल वाटते. कारण गारगोटी आणि अभ्रक ही नावे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहेत, फेल्स्पार मात्र पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा आलेलाच नाही. या गटाच्या पोटॅशियमयुक्त शाखेविषयी, म्हणजे अनेक ग्रॅनाइटांना गुलाबी छटा देणाऱ्या फेल्स्पारविषयी, मी आज बोलणार नाही. महाराष्ट्राचा बहुतेक भूभाग बेसॉल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या कातळाचा आहे आणि त्यातला फेल्स्पार म्हणजे प्रामुख्याने प्लॅजिओक्लेज, तेव्हा आपण त्याच्यापाशीच थांबू.

प्लॅजिओक्लेजचे रासायनिक संघटन ठरावीक नसते. एका टोकाला सोडियमचा अल्बाइट, दुसऱ्या टोकाला कॅल्शियमचा अनॉर्थाइट आणि दोहोंमध्ये त्यांची निरनिराळ्या प्रमाणांतली मिश्रणे, अशी ही मालिका आहे. सोडियमच्या जागी कॅल्शियम आला की विद्युतभार एकाने वाढतो, आणि तो हिशेब जुळवण्यासाठी स्फटिकाच्या सांगाड्यातल्या एका सिलिकॉनची जागा ॲल्युमिनियमला घ्यावी लागते. घट्ट झालेल्या स्फटिकात ही दुहेरी अदलाबदल अतिशय मंद चालते, म्हणून वाढत्या स्फटिकावर एकदा जमलेला थर सहसा जसाच्या तसा राहतो. शिलाशास्त्रज्ञ नॉर्मन बोवेन यांनी 1913 मध्ये प्रयोगांनी दाखवून दिले, की निवणाऱ्या शिलारसातून, म्हणजे वितळलेल्या खडकातून, आधी कॅल्शियमने समृद्ध स्फटिक बाहेर पडतात आणि पुढे सोडियमचे प्रमाण वाढत जाते. शुद्ध अनॉर्थाइट सुमारे 1550 अंश सेल्सियसला वितळतो, तर अल्बाइट सुमारे 1100 अंशांना. त्यामुळे स्फटिकाचा गाभा आणि त्याची कड यांची तुलना केली, तर शिलारस कसा निवत गेला हे बरेचसे वाचता येते.

हे वाचन करायला सह्याद्रीसारखी जागा नाही. थळघाट, मंचर आणि गिरवली या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लाव्हाच्या थरांत काळ्या दगडात पांढुरक्या, चपट्या पात्यांसारखे प्लॅजिओक्लेजचे स्फटिक विखुरलेले दिसतात. काही तर कित्येक सेंटिमीटर लांब असतात. ताजा तुटलेला तुकडा उन्हात तिरका धरून भिंगातून पाहावा, म्हणजे स्फटिकाच्या सपाट पृष्ठावर केसासारख्या बारीक समांतर रेघा चमकतात. त्या रेघा म्हणजे एकमेकांना जोडून वाढलेले जुळे स्फटिक. प्लॅजिओक्लेजची ही खूण मला रंगापेक्षा कितीतरी भरवशाची वाटते. खिशातल्या साध्या चाकूने त्यावर सहसा ओरखडा उठत नाही, कारण 1 ते 10 अशा मोह्स मापनश्रेणीत त्याची कठिनता 6 ते 6.5 आहे.

एवढे मोठे स्फटिक जमिनीवर पसरलेल्या लाव्हात वाढणे शक्य नाही. तो फार लवकर निवतो. ते भूगर्भातल्या शिलारसाच्या कोठीत वाढले आणि उद्रेकाबरोबर वर आले. ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही बेसॉल्टमधली दुसरी खनिजे जड असल्यामुळे तळाशी बसू लागतात, परंतु प्लॅजिओक्लेजची घनता पाण्याच्या सुमारे 2.7 पट, म्हणजे जवळजवळ शिलारसाएवढीच, त्यामुळे तो तरंगत राहून वाढत गेला, हे स्पष्टीकरण मला पटते. मात्र या वाढीला किती काळ लागला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. जे अंदाज मांडले गेले आहेत त्यांत मोठी तफावत आहे, कारण स्फटिक वाढण्याचा वेग किती धरायचा यावरच सारे गणित अवलंबून असते. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचे हे उद्रेक एकामागोमाग झाले की त्यांच्यामध्ये दीर्घ विश्रांती होती, हा वादही काही अंशी याच पांढऱ्या पात्यांपाशी येऊन अडतो.