दोन बोटं आणि एक दौरा

(गिटारच्या पट्टीवर फिरणारा हात, अगदी जवळून)

मधलं बोट बघा, आणि शेजारची अनामिका. दोन्हींच्या टोकांवर शिंप्याच्या अंगुस्तानासारख्या टोप्या आहेत. हा हात ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचा गिटारवादक टोनी आयोमीचा. तो डावखुरा, त्यामुळे तारा दाबायचं काम उजव्या हाताकडे.

(बर्मिंगहॅम, जुने कारखाने)

१७ वर्षांचा टोनी इथे पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. गेला. प्रेसवरचं माणूस त्या दिवशी आलं नव्हतं, म्हणून याला तिथे उभं केलेलं. यंत्राखाली दोन बोटांची टोकं गेली.

डॉक्टर म्हणाले, गिटार विसर. फोरमननं मात्र जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत हात भाजलेला माणूस, आणि हे वादन! मग टोनीनं भांडी घासायच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवली. तिचा गोळा केला, तापल्या सोल्डरिंग आयर्ननं बोटापुरतं भोक पाडलं, नीट बसेपर्यंत घासत राहिला. वर जुन्या जाकिटाचं चामडं चिकटवलं, तारेवर पकड यावी म्हणून. पण टोपीखालच्या बोटाला तार कळत नाही. किती दाबलं ते कानानं ठरवायचं. जाड तारा झेपेनात, तर बँजोच्या बारीक लावल्या. १९७१च्या तिसऱ्या अल्बमपासून तर तारा सैल सोडून सूरच खाली उतरवला. लोकांना या बँडचे क्रूस आठवतात. आम्हाला विचाराल, तर त्या आवाजाचं वजन या दुरुस्तीत आहे.

(लॉस एंजेलिस, ११ नोव्हेंबर २०११)

टोनी, गायक ऑझी ऑझबर्न, बास गिटारवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड. बँडचे मूळचे चौघं पुन्हा एकत्र: नवा अल्बम आणि जगभर दौरा. दोन महिन्यांत टोनीला लिम्फोमाचं, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाचं निदान झालं. बाकीचे कामासाठी त्याच्याकडे इंग्लंडला आले. पुढे दौऱ्याच्या तारखा उपचारांच्या तारखा बघून लागायच्या.

(बर्मिंगहॅम, ब्रॉड स्ट्रीट, कालव्यावरच्या पुलावरचा ब्लॅक सबाथचा बाक)

बाकावर चेहरे चार. दौऱ्यावर मूळचे तिघेच. बिलचं करारावरून बिनसलं.

नवा अल्बम 'थर्टीन' २०१३मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. त्याआधीचा त्यांचा पहिला क्रमांक १९७०चा! निरोपाचा दौरा ४ फेब्रुवारी २०१७ला बर्मिंगहॅममध्येच संपला.

(बर्मिंगहॅम, व्हिला पार्क, ५ जुलै २०२५)

ऑझी जायच्या १७ दिवस आधीचं हे चित्रण. ज्या ॲस्टनमध्ये वाढला, तिथलंच स्टेडियम. पार्किन्सन्सनं पाय साथ देत नाहीत, म्हणून सिंहासनावर बसून गातोय. मागे ड्रमवर बिल वॉर्ड. चार गाणी वाजवली. त्यातलं हे पहिलं.

(निवेदन थांबतं. गाणं पूर्ण, न कापता.)