कशाच्या शेजारी काय

(शटर वर जातं. जिना. वरून मशिनींचा आवाज.)

साकीनाक्याचा हा जिना एका वेळी एकाच माणसाचा. समोरून कोणी आलं तर पाठ भिंतीला लावून वाट द्यायची. वरच्या गाळ्यात रेक्झिनच्या बॅगा शिवतात. १२ मशिनी, एक पोटमाळा, एक दार.

साहेब आत येतात आणि दारातच थांबतात. आधी वास घेतात. सोल्यूशनचा वास, रेक्झिन चिकटवायच्या.

अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर ते असे गाळ्यागाळ्यांतून हिंडतात, आगीच्या जोखमीची पाहणी करत. फाइल बरोबर आणत नाहीत. खिशात खडू असतो.

(जवळून: सोल्यूशनचा डबा, त्यात उभा ब्रश.)

डब्याचं झाकण कधीच हरवलंय. सोल्यूशनची वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा जड, म्हणून फरशीवरून सरपटत जाते. साहेब गुडघ्यावर बसतात आणि डब्यापासून खडूची रेघ ओढत निघतात. टेबलाखालून, स्टुलाच्या पायांमधून, कातरणाच्या ढिगाला वळसा घालून. रेघ थांबते ती जमिनीवर पडलेल्या एक्स्टेन्शन बोर्डापाशी. एका सॉकेटला पिन नाहीच. नुसत्या दोन वायरी, काडेपेटीच्या काड्यांनी दाबून बसवलेल्या.

काडेपेटीच्या काड्या. चित्रीकरणासाठी आम्ही मांडलेल्या नाहीत.

"ताई, हा बोर्ड इथे खाली कशाला?"

"पंख्यासाठी, साहेब. वारा लागला की वास कमी येतो."

साहेब रागवत नाहीत. ताईंनी डोकं दुखू नये म्हणून पंखा लावला, पंख्यासाठी बोर्ड आला, आणि बोर्ड नेमका वाफेच्या वाटेत बसला. जोखीम बघायची म्हणजे एवढंच बघायचं: आग कुठून पेटेल, कोणाला गाठेल आणि ती माणसं कुठून बाहेर पडतील. डबा एकटा असता तर निभावलं असतं, बोर्डही. दोघांचा शेजार वाईट.

(जुनी छायाचित्रं: गोदी, धुराचे लोट.)

या शेजाराची किंमत मुंबईने पूर्वीही मोजलीय. १९४४च्या एप्रिलमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज कराचीहून व्हिक्टोरिया गोदीत लागलं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं. आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी. कापूस एकदम भडकत नाही, आतल्या आत धुमसत राहतो. १४ तारखेला दुपारी धूर दिसला. बंब आले, जवान जहाजावर चढले, पाण्याचे फवारे सुरू झाले, पण धुमसणारी जागा नेमकी सापडेना. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

(भायखळा, अग्निशमन दलाचं मुख्यालय. पुष्पचक्र. बिगूल.)

त्यांच्या आठवणीत दर वर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निसुरक्षा सप्ताह पाळतात. भाषणांत शौर्य भरपूर असतं. कापूस आणि दारूगोळा एकत्र कोणी भरू दिला, हा प्रश्न आमच्या तरी कानावर आला नाही.

(पुन्हा गाळा. भिंतीवर देवाचा फोटो, शेजारी चौकटीतला कागद.)

हा 'फॉर्म बी'. २००६च्या राज्याच्या कायद्याने आगीपासून बचावाची जबाबदारी मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर टाकली. बसवलेली यंत्रणा चालू आहे, असा दाखला परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा घ्यायचा, जानेवारीत आणि जुलैत. कागद गरजेचा आहेच. पण सोल्यूशनचा डबा कुठे ठेवलाय, हे तो विचारत नाही.

यंत्रणा म्हणजे हे लाल सिलिंडर. वर दोन शर्ट आणि जेवणाच्या डब्याची पिशवी टांगलेली. साहेब शर्ट बाजूला करतात. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरलाय.

(साहेब डोळे मिटून, भिंतीला हात लावून चालतात.)

सगळ्यात आतल्या मशिनीपासून दारापर्यंत ते पावलं मोजतात. धुरात डोळ्यांचा उपयोग नसतो, भिंतच वाट दाखवते. सोळाव्या पावलाला हात रेक्झिनच्या गुंडाळ्यांवर आपटतो. त्या हलवून पुन्हा पहिल्यापासून. मुलं आधी हसतात. मग एकेक जण डोळे मिटून चालून बघतो.

(पोटमाळा. शिडी. गुंडाळलेल्या गाद्या.)

धूर आधी वर साठतो. इथे वर चार मुलं झोपतात. खिडकीला ग्रिल आहे, चोरांच्या भीतीने. रात्री शटर बाहेरून बंद होतं म्हणे. तेव्हा कॅमेरा न्यायला आम्हाला परवानगी मिळाली नाही.

याच साकीनाक्यात, खैरानी रोडवर, १८ डिसेंबर २०१७च्या पहाटे फरसाणाच्या दुकानाच्या आगीत १२ कामगार गेले. ११ दिवसांनी कमला मिलच्या आवारात १४ जण.

(शांतता. गाद्यांवर कॅमेरा थांबतो.)

संध्याकाळपर्यंत डब्यावर स्टीलची ताटली आली. काड्या काढून पिन बसवली. बोर्ड भिंतीवर, डोक्याच्या उंचीला ठोकला. गुंडाळ्या जिन्याकडून हलल्या. ग्रिलचं मालकाला विचारावं लागेल. एक्झॉस्टसाठी भिंत फोडायची, तर तेही मालकालाच.

आता पंख्याची वायर बोर्डापर्यंत पुरत नाही. पंखा बंद आहे. ताई नाकाला पदर लावून ब्रश फिरवतायत.