क्लिपखालचा गंज

पडद्यावर दिसणारा हा लाल थेंब ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाचा आहे. तो गिअरबॉक्समधून मात्र गळत नाही. गिअरबॉक्सपासून हातभर पुढे, गाडीच्या पोटाखालून जाणाऱ्या दोन पोलादी नळ्यांपैकी एकीला धरून ठेवणाऱ्या क्लिपखालून तो पाझरत आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनची शक्ती तेलाच्या घुसळणीतून पुढे जाते आणि त्या घुसळणीने तेल तापते. तापलेले तेल एका नळीने रेडिएटरच्या टाकीतल्या किंवा रेडिएटरपुढे बसवलेल्या कूलरकडे जाते आणि निवून दुसऱ्या नळीने परत येते. हेच तेल गिअरबॉक्समधले क्लच दाबून धरते आणि वंगणही पुरवते. त्यामुळे नळी फुटली की प्रश्न फक्त तेल निवण्याचा राहत नाही. इंजिन चालू असेपर्यंत पंप तेल बाहेर फेकत राहतो, दाब उतरतो, क्लच घसरू लागतात आणि घसरता घसरता जळतात. तेच तेल तापलेल्या एक्झॉस्टवर पडले, तर पेटूही शकते.

जुन्या गाडीखाली वाकून पाहिले, तर नळ्या सगळीकडेच तांबूस दिसतात, आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही, कारण वरवरचा गंज पुष्कळ वर्षे वरवरचाच राहतो. खरी झीज क्लिपखाली होते. तिथे चिखल अडकतो, बर्फाच्या रस्त्यांवर टाकलेले मीठ साचते आणि ओल वाळत नाही. ही क्लिप सोडवताना पाहा: तिच्याबरोबर गंजाचे पापुद्रे निघून आले आहेत आणि खालची नळी कमरेत आवळल्यासारखी बारीक झाली आहे. अशा ठिकाणी वरून लेप लावणे किंवा पट्टी गुंडाळणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आतून दाबाचे गरम तेल वाहत असताना ते चिकटून राहत नाही.

गाडी भक्कम स्टँडवर घेतलेली आहे, चाकांना अडसर लावलेले आहेत आणि एक्झॉस्ट पूर्ण थंड झालेला आहे. गंजलेल्या नटांवर गंज सैल करणारे तेल आदल्या रात्रीच सोडले आहे. साधा पाना दोनच बाजूंनी धरतो आणि नटाचे कोन गोल करतो. नटाभोवती जवळजवळ पूर्ण बसणारा फ्लेअर नट पानाच इथे हवा. रेडिएटरच्या बाजूला दोन पाने लागतात, एक नट फिरवायला आणि दुसरा रेडिएटरचा जोड जागच्या जागी धरायला. तो जोड नटाबरोबर फिरला, तर आतल्या कूलरचा सांधा सुटतो, कूलंट आणि तेल एकमेकांत मिसळतात आणि तेलाचा रंग दुधाळ गुलाबी होतो. मग नळीच्या दुरुस्तीपुरते काम उरत नाही.

नळी कुठे कापायची, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. तारेच्या ब्रशने घासत जायचे, चकचकीत धातू लागला की तिथून आणखी वीतभर पुढे जायचे आणि मगच कापायचे. खड्डे पडलेल्या नळीवर केलेला जोड आज बसला, तरी टिकत नाही. कापायला चाकाचा पाइप कटर घ्यावा. करवतीचा कीस नळीत शिरला, तर तेलाबरोबर गिअरबॉक्सच्या बारीक झडपांपर्यंत पोहोचतो. कापल्यावर आतला काठ साफ करून नळी पुसून घेतली आहे.

नव्या तुकड्यासाठी 90 टक्के तांबे आणि 10 टक्के निकेल असलेल्या मिश्रधातूची नळी घेतली आहे. ती गंजत नाही आणि सहज वळते. निव्वळ तांब्याची नळी मात्र थरथरीने कडक होऊन तडकते. माप व्हर्नियरनेच घ्यावे: 5/16 इंच म्हणजे जवळजवळ 8 मिलिमीटर, पण 3/8 इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, आणि त्यावर 10 मिलिमीटरचा जोड बसत नाही.

आता नट आधी नळीवर सरकवला आहे. हे विसरले, तर केलेला फ्लेअर, म्हणजे नळीचे पसरवलेले तोंड, कापून टाकावा लागतो. नळीचे तोंड आधी आत वळवून मग पसरवले जाते, म्हणजे बसण्याच्या जागी धातूचे दोन थर येतात आणि काठ चिरत नाही. रबरी होजने जोडायचे असल्यास तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलासाठीच बनवलेला असावा आणि नळीच्या टोकाला उंचवटा असावा, कारण गुळगुळीत नळीवरून होज क्लॅम्पसकट निसटतो.

नवी नळी एक्झॉस्टपासून दूर ठेवून रबर लावलेल्या क्लिपांनी बांधली आहे. शेजारची दुसरी नळी आणि बाजूने जाणारी ब्रेकची नळी हिच्याच वयाच्या आहेत, म्हणून त्यांच्याही क्लिपा सोडून पाहिल्या आहेत.

पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरून, ब्रेक दाबून गिअर एकेक करून फिरवले आहेत. पुष्कळ गाड्यांत तेलाची पातळी सपाट जागी, तेल गरम आणि इंजिन चालू असताना मोजतात. डिपस्टिक नसेल, तर पुस्तिकेतल्या तापमानाला तपासणीच्या बुचातून. रात्री जोडांखाली पांढरा कागद अंथरून ठेवला होता. सकाळी तो कोरडा आहे.