सांबऱ्याहून सॅन फ्रान्सिस्को किती तास?

मंडळी, चोर्ला घाटातून पणजी किती लांब, असं बेळगावात कुणालाही विचारून बघा. किलोमीटर कुणी सांगणार नाही. ‘उघडीप असली तर लवकर पोचशील, पाऊस लागला तर काय सांगता येत नाही,’ एवढंच. भूगोल शिकवायचो तेव्हा अशा उत्तराला मी मार्क कापायचो. ते चुकलंच माझं.

शहापुरातल्या आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला असतो. तो गेला तेव्हा बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बंगळूर आणि तिथून थेट विमान होतं. काकूंनी विचारलं, “किती लांब हो ते?” मी जुना पृथ्वीगोल खाली काढला. त्यांच्याच शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक बंगळूरवर अंगठ्यानं दाबलं, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर धरून ताणलं. दोरा सरकत सरकत रशियावरून पार उत्तर ध्रुवाच्या अंगाला जाऊन बसला. काकू म्हणाल्या, “अगंबाई, हा वर कशाला गेला?”

खोड आहे ती भिंतीवरच्या नकाशाची. मर्केटर नावाच्या नकाशाकारानं १५६९ साली तो दर्यावर्दींसाठी काढला. दिशा चुकू नये म्हणून ध्रुवाकडचा मुलूख फुगवला. त्यात ग्रीनलँड भारतापेक्षा मोठं दिसतं, प्रत्यक्षात आपला देश त्याच्या दीडपट आहे. गोलावर सगळ्यांत जवळचा रस्ता म्हणजे तो ताणलेला दोरा. भरतो साधारण १४,००० किलोमीटर. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को–बंगळूर पहिलं विमान असं ध्रुवावरूनच आलं, चालवणाऱ्या सगळ्या बायका. सतरा तासांच्या आसपास लागले.

आता गंमत ऐका. याच कंपनीचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर, आणि पोचलं साडेचौदा तासांत! चौदाशे किलोमीटर जास्त जाऊन दोनेक तास वाचले. पृथ्वी फिरते म्हणून नव्हे हं. हवाही तिच्याबरोबर फिरतेच. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा जबरदस्त झोत वाहतो, कधी ताशी ३०० किलोमीटरच्याही वर. पूर्वेला निघालात तर तो पाठीवर घेतो, पश्चिमेला निघालात तर छातीवर बसतो. आपल्या घाटातला पाऊस तसा त्यांचा वारा.

काकूंना हे पटलं, पण घड्याळ पटेना. मुलगा बंगळूरहून दुपारी दोनला निघाला, साडेसोळा तास उडाला आणि उतरून फोन करतो की इथं संध्याकाळचे पाच वाजलेत, वार तोच! तिकडचं घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेतेरा तास मागं असतं, उन्हाळ्यात साडेबारा. काकूंनी आता देवघराशेजारी दुसरं घड्याळ टांगलंय. नोव्हेंबरात तिकडे काटे बदलले की नातू फोन करतो, आणि ऐंशीच्या पुढच्या काकू आमचं न ऐकता स्टुलावर चढतात.